८० मीटरचा व्हर्टिकल: आधी जमिनीकडे बघ

हॅम रेडिओसाठी (हौशी बिनतारी संदेशांसाठी) व्हर्टिकल, म्हणजे उभ्या तारेची अँटेना, लावायची आहे ना? तुझ्या अंगणात दहा मीटरचा बांबू उभा राहतोय, मग ४० मीटरचं काम झालंच. (४०, ८० मीटर ही बँडची नावं, तरंगलांबीवरून; अँटेनाची उंची नव्हे.) ७.१ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण दहा मीटरच भरते. अडचण ८० मीटरची. तिथे वीस मीटर उंची हवी, ती कुठून आणणार?

कमी पडलेली लांबी भरून काढायला बुडाशी कॉइल (तारेची गुंडाळी) लावून मोकळा होऊ नकोस. दहा मीटरच्या तारेचा रेडिएशन रेझिस्टन्स (रोधाचा जो भाग शक्ती हवेत पाठवतो तो) ८० मीटरवर जेमतेम सहा-सात ओहम. जमिनीत वीस ओहमचा तोटा असेल, तर शंभर वॅटमधले पंचवीसच हवेत जातात. बाकीचे गांडुळांना! त्यापेक्षा इन्व्हर्टेड एल (उलट्या L च्या आकाराची तार) कर: दहा मीटर वर, पुढची दहा मीटर आडवी नारळापर्यंत. तोच रेझिस्टन्स दुपटीहून वर जातो.

आणि रेडियल्स, म्हणजे अँटेनाच्या बुडापासून जमिनीवर चहूकडे पसरलेल्या तारा. कोकणातल्या जांभ्यावर नुसता अर्थ रॉड ठोकून काही होत नाही. सोळा तरी तारा पसर, दहा-दहा मीटरच्या. जुनी वायरिंगची तार चालते.

माझा पहिला व्हर्टिकल चार रेडियल्सवर होता. एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळते याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.१, मी खूश. मग आणखी बारा टाकल्या तर एसडब्ल्यूआर १.४ झाला, आणि समोरच्यांकडून येणारे सिग्नलचे रिपोर्ट सुधारले! छत्तीस ओहमच्या अँटेनात चौदा ओहमचा तोटा मिसळला की मोजणारा मीटर केबलला हवे तेवढे पन्नास ओहम बघून शाबासकी देतो.

दिवसा पुण्या-नाशिकशी गप्पाच मारायच्या असतील तर मात्र व्हर्टिकल नको, बुटका डायपोल (मधोमध केबल जोडलेली आडवी तार, कमी उंचीवर) बांध. एवढ्या जवळ पोचायला लहरी वर जाऊन खाली परतायला हव्यात, आणि व्हर्टिकल सरळ डोक्यावर फारसं काही पाठवतच नाही.

वळवाच्या विजा सुरू होण्याआधी कोॲक्स (अँटेनाची केबल) रेडिओपासून काढून घराबाहेर ठेव.