‘काका, रांगेत या’

निवृत्त झाल्यापासून बाबा गप्प गप्प असतात, घराबाहेर पडत नाहीत, ‘आता आपल्याला कोण विचारतंय’ एवढंच म्हणतात. काय करावं? हा प्रश्न घेऊन माझ्याकडे मुलं येतात, त्यातही मुली जास्त. मागच्या डिसेंबरात अशीच एक मुलगी वडिलांना घेऊन आली. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत, आणि नावाऐवजी मी त्यांना साहेबच म्हणते. महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून ५८व्या वर्षी निवृत्त झालेले, त्यालाही तीन-चार वर्षं होऊन गेलेली.

निमित्त बँकेतलं होतं. नोव्हेंबर महिना, हयातीच्या दाखल्याची गर्दी. साहेब सवयीने रांग सोडून थेट काउंटरच्या आत वळले. पंचविशीतली मुलगी मान वर न करता म्हणाली, “काका, रांगेत या.” एवढंच. साहेब सही न करता घरी आले. पेन्शन अडकायची वेळ आली तरी परत जायला तयार होईनात.

पहिल्या भेटीत माझं चुकलं. मी त्यांना अपेक्षा थोड्या कमी करायला सुचवलं. “म्हणजे आता मी कोणीच नाही, हे मान्य करू?” असं त्यांनी विचारलं आणि त्यांचं बरोबर होतं. तीस वर्षं दिवसातून पन्नास वेळा ऐकलेली हाक एका संध्याकाळी, निरोप समारंभाचा हार गळ्यात असतानाच बंद होते. ते दुःख खरं असतं. घरच्यांनी ‘अहंकार सोडा बाबा’ म्हणून ते झटकून टाकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि खरं सांगायचं तर ‘काका’ ही हाक मला अपमानाची वाटत नाही. आपण अनोळखी माणसाला नात्यानेच हाक मारतो: रिक्षावाले दादा, भाजीवाल्या मावशी. पण ‘साहेब’ ऐकायची सवय लागलेल्या कानाला ‘काका’मध्ये फक्त वय ऐकू येतं.

दुसऱ्या वेळी मी विचारलं, तुम्ही कोणाला काय म्हणायचात? वरिष्ठांना सर. बरोबरीच्यांना आडनावाने. आणि शिपायाला? ते थोडे थांबले. “टेबलावर घंटी होती ना.” सहा-सात वर्षं एकाच माणसाच्या हातचा चहा घेतलेला. सगळं ऑफिस त्यांना मामा म्हणायचं. त्यांचं पूर्ण नाव साहेबांना आठवेना. मी काही बोलले नाही.

त्यानंतरच्या भेटीत वारीचा विषय त्यांनीच काढला. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंदवरून फलटणला जाते, तेव्हा पाण्याच्या टँकरवर देखरेखीची ड्युटी होती. सत्तरीच्या एक आजी समोर आल्या, “माउली” म्हणत त्यांनी साहेबांच्या पायांना हात लावला. साहेबांना वाटलं, अधिकारी म्हणून. पण आजी पुढे सरकल्या आणि टँकरच्या ड्रायव्हरच्या पाया पडल्या, मग पाइप धरून उभ्या असलेल्या पोराच्याही. ते दोघं लगेच खाली वाकले. वारीत नमस्कार घेणाराही वाकतो. “मी नाही वाकलो,” साहेब म्हणाले. “हात खिशात होते माझे.” मग बराच वेळ रुमालाची घडी घालत आणि उलगडत बसले.

मला जे सांगायचं होतं, त्याच्या किती तरी पुढे ते स्वतःच गेले होते. म्हणून सल्ला दिला नाही, काम दिलं. रोज तीन माणसांना आपण होऊन आधी नमस्कार करायचा, तोही नाव घेऊन. नाव माहीत नसेल तर विचारायचं. पहिला आठवडा त्यांनी टाळाटाळ केली. दुसऱ्या आठवड्यात घंटागाडीवरच्या ताईंना नाव विचारलं, तर त्या घाबरल्याच. “काही चुकलं का, साहेब?” कोणी नाव विचारलं की तक्रारच होणार, हा त्यांचा अनुभव. हे सांगताना साहेबांचा आवाज बसला होता. आणि कित्येक महिन्यांनी कानावर पडलेली ‘साहेब’ ही हाक त्यांना अजिबात गोड लागली नव्हती.

पुढचे काही महिने कधी बरे गेले, कधी पुन्हा दार लावून बसण्यात गेले. एका लग्नात पुढच्या रांगेतून उठवलं म्हणून ते न जेवता परतले, तेव्हा आम्ही जवळजवळ पहिल्या पायरीवर आलो होतो.

या नोव्हेंबरात मात्र ते आपण होऊन बँकेत गेले. रांगेत पुढे मामा उभे. शिपायांना ६०पर्यंत नोकरी असते, त्यामुळे मामांची ही पहिलीच सही. चष्मा घरी राहिला होता. साहेबांनी फॉर्म हातात घेतला, “पूर्ण नाव सांगा” म्हणाले आणि लिहिलं. माझ्यासमोर त्यांनी ते नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट म्हणून दाखवलं.

“काउंटरवर कोण होतं?” मी विचारलं.

“तीच मुलगी. काकाच म्हणाली.”

“मग?”

“मग काय, मामांनाही काकाच म्हणाली,” ते म्हणाले, आणि दोघांनी नंतर बँकेसमोरच्या गाड्यावर चहा घेतला तेव्हा पैसे कोणी द्यायचे यावरून किती ओढाताण झाली, ते सांगायला लागले.