‘अवलंबित्वे स्थापित करा’ बरोबर आहे का?

प्रश्न असा आहे: एका छोट्या कमांड-लाइन टूलचं (आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रोग्रॅमचं) पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करता येईल असा गठ्ठा, करताना त्याचे संदेश मराठीत आणायचे आहेत; त्यांतला एक ‘इन्स्टॉल डिपेंडन्सीज’. ‘डिपेंडन्सी’ला (प्रोग्रॅमला लागणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला) ‘अवलंबित्व’ म्हणावं का? आणि ‘बिल्ड’ (सोर्स कोडपासून प्रोग्रॅम तयार करणं) व ‘पॅकेज’ या दोन्हींना ‘बांधणी’ चालेल का?

अवलंबित्व ही स्थिती आहे, वस्तू नव्हे. ती इन्स्टॉल कशी करणार? इंटरनेटवरून डेटाची ने-आण करणारं कर्ल हे टूल लिबकर्ल या लायब्ररीवर (इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार कोडवर) अवलंबून असतं. या नात्याला अवलंबित्व म्हणणं ठीक, पण डिस्कवर उतरते ती लिबकर्ल. इंग्रजी शब्द नातं आणि वस्तू दोन्ही एकट्याने पेलतो. मराठी शब्दाला ते जमत नाही. काही जण म्हणून ‘अवलंबी’ किंवा ‘आश्रित’ सुचवतात. तिथे तर दिशाच उलटते, कारण आश्रित ठरतो कर्ल, आणि हवी असते ती आश्रय देणारी लिबकर्ल.

माझं मत विचाराल तर नामाचा हट्ट सोडा. आपल्याकडे ‘लागणे’ हे क्रियापद आहे आणि बोलताना आपण तेच वापरतो: ‘याला पायथॉन लागतं.’ तेव्हा संदेश ‘लागणारी पॅकेजे इन्स्टॉल करत आहे’ असा लिहावा. याचा आणखी एक फायदा आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीत पॅकेजची माहिती देणाऱ्या कंट्रोल फाइलमध्ये ‘डिपेन्ड्स’ आणि ‘बिल्ड-डिपेन्ड्स’ अशी वेगळी फील्ड असतात; आर्च या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या पीकेजीबिल्ड या तशाच फाइलमध्ये ‘डिपेन्ड्स’ आणि ‘मेकडिपेन्ड्स’. सी भाषेतल्या टूलला कंपायलर (कोडचं चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणारा) बांधताना लागतो, चालताना नाही. ‘चालायला लागणारी’ आणि ‘बांधायला लागणारी’ म्हटलं की हा फरक समजावून सांगावा लागत नाही. डेबियनचं ‘रेकमेन्ड्स’ म्हणजे ‘असलेली बरी’. (संदेशात इतकं घरगुती नको वाटलं तर ‘शिफारस केलेली’.)

‘अवलंबित्व’ अगदीच टाकाऊ नाही. डेबियनमध्ये पॅकेजे इन्स्टॉल करणारं एपीटी हे टूल ‘डिपेंडन्सी ट्री’ तयार करतं, तिथे पॅकेजांमधली नातीच मांडलेली असतात, ‘अवलंबित्व-वृक्ष’ शोभतो.

आता बांधणी. मराठीत घरही बांधतात आणि गाठोडंही, घोळ तिथेच आहे. बिल्डमधून चालवता येणारी फाइल तयार होते. पॅकेज करताना त्या फाइलसोबत नाव, आवृत्ती, काय काय लागतं ही माहिती जोडली जाते. डेब फाइलमध्ये (डेबियनच्या पॅकेजमध्ये) तर माहिती एका टार फाइलमध्ये (अनेक फाइली एकत्र ठेवणाऱ्या फाइलमध्ये) आणि प्रत्यक्ष फाइली दुसऱ्या टारमध्ये असतात. दोन्हींना ‘बांधणी’ म्हटलंत तर कुठली पायरी फसली ते एरर वाचून कळणार नाही. मी ‘बिल्ड करणे’ आणि ‘पॅकेज बनवणे’ असं लिहीन. त्याच न्यायाने वरचं ‘बांधायला लागणारी’ही संदेशात ‘बिल्डला लागणारी’ करावं, बोलण्यात चालतं.

‘पॅकेज’ नपुंसकलिंगी, अनेकवचन ‘पॅकेजे’. ‘डिपेंडन्सी’ स्त्रीलिंगी, ‘कंपन्या’च्या चालीवर ‘डिपेंडन्स्या’ व्हायला व्याकरणाची हरकत नाही, जिभेची आहे.