वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपची फुटलेली स्क्रीन, घरी बदलायची की दुकानात?

प्रश्न : नमस्कार दादा, माझी मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात कीबोर्डवर इअरफोन राहिला आणि तिने तसंच झाकण लावलं, उघडलं तर उजव्या कोपऱ्यातून तडा गेलेला आणि शाईसारखा काळा डाग, तो आता रोज थोडा थोडा वाढतोय. लॅपटॉप साडेतीन वर्षांचा, १५.६ इंची, टच नाही, वॉरंटी संपलेली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी १३,८०० अधिक टॅक्स सांगितले. इथला एक दुकानदार ६,५०० म्हणतो पण दोन दिवस ठेवून जा आणि पासवर्ड लिहून द्या म्हणतो. मुलगी म्हणते बाबा, नुसतं पॅनल ऑनलाइन ४,२०० ला मिळतंय, मी बदलते. मला भीती वाटते की आहे तोही लॅपटॉप जायचा. काय करू? – एक वडील, कराड

उत्तर : दादा, आधी एक काम करा, लॅपटॉप घरच्या टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं तर बोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) ठीक आहे, फक्त पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा स्क्रीनचा भाग, गेलंय. मग टीव्हीवर बघत बघतच मुलीला तिच्या सगळ्या फाइल्स पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर काढून घ्यायला सांगा, पुढे काहीही ठरलं तरी हे आजच करा. डाग वाढतोय तो आतल्या काचेच्या थरांमधला लिक्विड क्रिस्टल पसरतोय म्हणून, तो थांबवता येत नाही, वरून टेप लावून काही होत नाही.

आता पैशाचं. १३,८०० आणि ६,५०० मधला फरक मोठा आहे आणि तो बऱ्याचदा पार्टचा नसतो. लॅपटॉपवर नाव कुठलंही असो, पॅनल बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत, बीओई, एयूओ, एलजी डिस्प्ले, इनोलक्स वगैरे. त्यामुळे त्याच नंबरचं नवं कोरं पॅनल बाहेरून घेतलं तरी माल तोच असतो. पण ६,५०० आणि ४,२०० मधले जे २,३०० आहेत ते नुसते मजुरीचे नाहीत हं, हे बरेच जण विसरतात. बसवताना पॅनल तडकलं तर ते दुकानदाराचं, चालू केल्यावर मध्येच एखादा मेलेला ठिपका (न लागणारा पिक्सेल) दिसला तर बदलून आणायचं कामही त्याचं, चुकीचा नंबर आला तरी धावपळ त्याचीच. घरी केलं की हे सगळं तुमच्यावर. म्हणजे तो जोखमीचा पैसा आहे, आणि मुलगी जोखीम नीट समजून घेणार असेल तर तो वाचवायला काहीच हरकत नाही.

माझं मत विचाराल तर तिला करू द्या. तुमचा लॅपटॉप त्यातल्या त्यात सोप्या जातीचा वाटतोय. पण आधी खात्री करा : स्क्रीनभोवतीची काळी प्लॅस्टिकची फ्रेम पॅनलपेक्षा थोडी वर उचललेली आहे का, नखाला कड लागते का? लागत असेल तर फ्रेम खटक्यांवर बसलेली असते आणि निघते. आणि जर काच कडेपर्यंत एकसंध सपाट असेल तर पॅनल काचेला चिकटवलेलं असतं, मग घरी हात लावायचा नाही, तिथे बरेचदा अख्खं झाकणच बदलावं लागतं.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ऑर्डर करताना, बसवताना नाही. लॅपटॉपच्या मॉडेलवरून पॅनल कधीही मागवू नका, एकाच मॉडेलमध्ये कंपनी वेगवेगळ्या बॅचला वेगवेगळी पॅनल टाकते. आधी खोला, पॅनलच्या पाठीवरचा स्टिकर बघा, फोटो काढा आणि तो अख्खा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. उदाहरण सांगतो, बीओईचं एनटी१५६एफएचएम आणि एनव्ही१५६एफएचएम, दोन्ही १५.६ इंची, दोन्ही १९२० बाय १०८०, फरक एका अक्षराचा. पण पहिलं टीएन जातीचं, बाजूने बघितलं की रंग उडालेले दिसतात, आणि दुसरं आयपीएस धाटणीचं, कुठूनही बघा सारखं. स्वस्तात मिळालं म्हणून पहिलं घेतलं की वर्षभर डोळ्यांना जाणवत राहतं. शिवाय हेही जुळवा : कनेक्टर ३० पिनी की ४० पिनी, पॅनलला वरखाली स्क्रूचे कान आहेत की नाहीत, आणि रुंदी, कारण १५.६ इंचीतच जुनी पॅनल साधारण ३६० मिलिमीटर रुंद आणि नवी कानांशिवायची ३५० च्या आसपास, एक दुसऱ्याच्या जागेत बसत नाही.

जाता जाता एचडीचं फुल एचडी करून घेऊ असा मोह होतो, कनेक्टरही दोन्हींना बहुतेकदा ३० पिनीच असतो, पण एचडीवाल्या लॅपटॉपच्या केबलमध्ये पुष्कळदा तेवढ्या ताराच टाकलेल्या नसतात आणि नवं पॅनल बसवूनही चित्र येत नाही. तुमच्याकडे आधीपासून फुल एचडी असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर जे होतं तेच आणा.

बसवण्याचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे, पहिल्या वेळी दोन तास धरा. घाई नको, रात्री तर नकोच, दिवसाउजेडी टेबलावर चादर अंथरून बसा. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्या आपल्या मॉडेलांची सर्व्हिस मॅन्युअल स्वतःच्या साइटवर मोफत ठेवतात, मॉडेलचं पूर्ण नाव टाकून ती काढा, कुठल्या तरी वेगळ्या मॉडेलच्या व्हिडिओपेक्षा ती शंभरपट बरी. कोरा कागद घ्या, त्यावर लॅपटॉपच्या तळाचा आराखडा काढा आणि जिथला स्क्रू तिथेच कागदात टोचून ठेवा, कारण स्क्रूंची लांबी सारखी नसते आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला की आतून काहीतरी चिरडतं.

आणि आता जे सांगतोय ते मुलीला दोनदा वाचून दाखवा. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, एवढ्याने भागत नाही. तळाचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर बोर्डावरून काढायचाच, आणि मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं. हे न करता स्क्रीनचा कनेक्टर ओढला किंवा खोचला तर बोर्डावरचा बॅकलाइटचा (पॅनलमागच्या दिव्याचा) फ्यूज उडू शकतो, आणि मग ४,२०० चं काम कुठच्या कुठे जातं. (लेनोवोचा थिंकपॅड असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय असतो, तो आधी वापरा, मग खोला.)

फ्रेम सोडवायला स्क्रूड्रायव्हर घालू नका, प्लॅस्टिक चिरतं. जुनं बाद एटीएम कार्ड छान चालतं, आतल्या कडेने हळूहळू फिरवत न्यायचं, खटके टक टक सुटतात, तो आवाज ऐकून घाबरू नका. खालच्या बाजूला हिंजपाशी (झाकणाच्या बिजागरीपाशी) जपून. मग पॅनलचे स्क्रू असतील तर ते, नसतील तर दोन्ही कडांना पॅनलखाली लांब ताणपट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या पॅनलला समांतर धरून हळू ओढत राहायच्या, झटका दिला की तुटतात आणि मग पॅनल खरवडत बसावं लागतं. पॅनल कीबोर्डवर पालथं पाडायचं, पाठीमागे केबलवर पारदर्शक चिकटपट्टी असते ती सोडवायची, धातूची बारीक कडी असेल ती उचलायची आणि कनेक्टर पॅनलला समांतर सरळ मागे सरकवायचा, वर उचलायचा नाही. नवं बसवताना याच्या बरोबर उलट, आणि कनेक्टर जराही तिरका जायला नको.

फ्रेम लावण्याआधी बॅटरी जोडून एकदा चालू करून बघा. नव्या पॅनलवरची संरक्षक फिल्म तशीच ठेवा, पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, लाल, हिरवं, निळं असं एकेक चित्र लावून ठिपके तपासा. काही दोष दिसला तर फिल्म न काढलेलं पॅनल परत करणं सोपं जातं. आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, वाटेत फुटून आलेली पॅनल मी पाहिली आहेत.

दुकानातच द्यायचं ठरलं, तरी पासवर्ड देऊ नका दादा. स्क्रीन बदलायला पासवर्ड लागत नाही, लॉगिनचं पान दिसलं की पॅनल चालतंय हे कळतं, फार तर बायोसमध्ये जाऊन बघता येतं. मुलीचा लॅपटॉप आहे, तिचे फोटो, चॅट, कॉलेजचं सगळं त्यात आहे, दोन दिवस अनोळखी माणसाकडे उघडा ठेवून यायची काही गरज नाही. सरळ सांगा, पॅनल मागवून ठेवा, आलं की फोन करा, आम्ही येऊन समोर बसतो. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. जो नाहीच म्हणेल त्याच्याकडे देऊ नका. बिलावर पॅनलचा पूर्ण नंबर आणि गॅरंटीचे महिने लिहून घ्या, जुनं पॅनल परत मागा, आणि नवं आहे की दुसऱ्या लॅपटॉपचं काढलेलं हे तोंडावर विचारा. मुंबईला कुणी जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत नंबर दाखवला की पॅनल लगेच हातात मिळण्याची शक्यता बरीच आहे, समोर चालवूनही दाखवतात.

एक राहिलंच. लॅपटॉपची साधी वॉरंटी असती तरी तडा गेलेली स्क्रीन त्यात आली नसती. पण काही जण विकत घेताना अपघाती नुकसानीचं वेगळं कव्हर घेतात आणि विसरून जातात, तेव्हा जुनं बिल एकदा काढून बघा, कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकूनही कळतं.

प्रश्न : सर, मी स्वतःच स्क्रीन बदलली, व्हिडिओ बघून सगळं बरोबर केलं असं वाटत होतं. पण आता लॅपटॉप चालू होतो, विंडोजचा आवाज येतो, स्क्रीन मात्र पूर्ण काळी. विक्रेता म्हणतो पॅनल चांगलंच पाठवलं होतं. खरं सांगतो, बॅटरी काढली नव्हती. – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : खरं सांगितलंत ते बरं केलंत, निदान शोधायचं कुठे ते कळलं. अंधाऱ्या खोलीत लॅपटॉप चालू करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. अगदी पुसट चित्र दिसतंय का? दिसत असेल तर पॅनलवर चित्र येतंय, फक्त मागचा दिवा लागत नाहीये. पॅनलच्या चित्राच्या भागाला ३.३ व्होल्ट लागतात, बॅकलाइटला त्याहून बराच जास्त पुरवठा जातो, आणि दोन्ही त्याच चिमुकल्या कनेक्टरमधून. काही बोर्डांवर लॅपटॉप बंद असतानाही तो पुरवठा तिथे हजर असतो, कनेक्टर तिरका घुसला की शेजारच्या पिनांना लागतो आणि फ्यूज जातो.

पण लगेच फ्यूजवर शिक्का मारू नका. बॅटरी सोडवा (या वेळी नक्की), कनेक्टर काढून पुन्हा सरळ बसवा, ब्राइटनेस वाढवायचं बटण दाबून बघा. नाहीच झालं तर जुनं फुटकं पॅनल टाकून दिलं नसेल ना? तेच परत जोडा. त्याचा दिवा लागला, भले चित्र फुटकं दिसो, तर बोर्ड आणि केबल ठीक, नवं पॅनल सदोष, त्याचा व्हिडिओ काढून विक्रेत्याला पाठवा. जुनंही अंधारात राहिलं तर फ्यूज किंवा केबल. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की नवं पॅनल आठवडाभर नीट चालेपर्यंत जुनं फेकू नका, आणि नंतरही कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

फ्यूज गेलाच असेल तर तो ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असतो, घरच्या सोल्डरिंग गनचं ते काम नाही. चिप लेव्हल काम (बोर्डावरचे बारीक भाग बदलण्याचं काम) करणाऱ्याकडे जा आणि काय झालं ते लपवू नका, बॅटरी न काढता कनेक्टर लावला असं सांगितलंत तर तो पाच मिनिटांत मीटरने बघेल, नाहीतर तासभर शोधत बसेल आणि त्याचे पैसे तुम्हीच द्याल. फ्यूजच्या जागी नुसती तार जोडून देतो म्हणाला तर नको म्हणा, पुढच्या वेळी फ्यूजऐवजी बोर्ड जळेल.

प्रश्न : माझ्या स्क्रीनवर तडा नाही पण उभ्या रेघा येतात, झाकण थोडं मागेपुढे केलं की जातात, परत येतात. दुकानात स्क्रीन बदला म्हणतात. बदलू का? – एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : नका ताई, इतक्यात नाही. झाकण हलवल्यावर रेघा बदलतायत म्हणजे संशय पहिला केबलवर, ती हिंजमधून जाते आणि रोज उघडझाप करून तिथेच चिरडते किंवा सैल होते. केबल पॅनलच्या मानाने बरीच स्वस्त येते. आधी केबल नीट बसवून बघायला सांगा, मग बदलून, आणि तरी रेघा राहिल्या तरच पॅनलचं बोला. हिंज कडक झाली असेल तर तीही त्याच वेळी सैल करून घ्या, नाहीतर नवी केबलही जाईल.

प्रश्न : मॅकबुकची स्क्रीन घरी बदलता येते का? – ठाणे

उत्तर : नुसतं पॅनल, नाही. ते झाकणाच्या काचेला चिकटलेलं असतं, अख्खं झाकण बदलावं लागतं आणि अलीकडच्या मॉडेलांत झाकणाच्या कोनाचा सेन्सरही नंतर सेट करावा लागतो. दोन ठिकाणी भाव विचारा, तोवर बाहेरचा मॉनिटर जोडून काम चालवा.