लेकीला शहर ‘चालवून’ बघायचंय

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. लातूरला नीटचा क्लास लावलाय. घरी आली की कॉम्प्युटरवर शहरं बांधायचा गेम खेळते. आता म्हणते, डॉक्टर व्हायचं नाही, सिम्युलेशन करून, म्हणजे कॉम्प्युटरवर शहराची नक्कल चालवून बघून, शहरांचं नियोजन करायचंय. यात खरंच करिअर आहे का? – एक वडील, औसा

उत्तर : नमस्कार. आधी एवढंच सांगा, तिनं गणित ठेवलंय ना? आपल्याकडे नीटच्या नादात पोरं अकरावीलाच गणित सोडतात. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाड्याच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये बी.प्लॅनिंग, म्हणजे नियोजनाची पदवी, करायची तर बारावीला गणित हवं आणि जेईई मेनचा प्लॅनिंगचा पेपर द्यावा लागतो. सिव्हिल इंजिनिअरिंग करून पुढे एम.प्लॅन (नियोजनातली पदव्युत्तर पदवी), हा दुसरा रस्ता. त्यालाही गणित लागतंच. सोडलं असेल तर भूगोलात एम.ए. करून काही संस्थांत एम.प्लॅनला जाता येतं. वाट लांबची आहे, बंद नाही.

आता गेमचं. गेममध्ये पाइप ओढला की पाणी येतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आणावं लागलं, ते तुम्ही पाहिलंय. पाइप होते, पाणी नव्हतं. खऱ्या कामात असेच प्रश्न कॉम्प्युटरवर आधी सोडवून बघतात : धरणात इतकंच पाणी उरलं तर कोणत्या भागाला किती द्यायचं, नवी टाकी कुठं बांधली तर शेवटच्या गल्लीत दाब टिकेल. यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं ‘ईपानेट’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

पण त्यात एक मेख आहे. त्याचा मूळ हिशोब असं धरून चालतो की नळ सोडला की हवं तेवढं पाणी मिळणारच. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड, तेही तासभर, आणि पाणी सुटलं रे सुटलं की घरोघरी नळाला मोटार! हे मॉडेलमध्ये घातलं नाही तर पडद्यावर सुंदर निळ्या रेघा दिसतात आणि शेवटच्या गल्लीतल्या बाया घागरी घेऊन टँकरमागे पळत राहतात. वाहतुकीचंही तसंच. ‘सुमो’ हे जर्मनीत तयार झालेलं सॉफ्टवेअर मुळात लेन पाळणाऱ्या गाड्यांसाठीचं. आपल्या लातूरच्या गंजगोलाई बाजारातली गर्दी त्यात बसवायची तर बरीच डोकेफोड. माझ्या मते खरं करिअर याच डोकेफोडीत आहे. सॉफ्टवेअर चालवणारे पुष्कळ मिळतात, आपल्या गावाची माहिती गोळा करून ते दुरुस्त करणारे कमी.

नोकरीचं उगाच गोड सांगत नाही. सिव्हिलची पदवी असेल तर एमपीएससीतून सहायक नगररचनाकार होता येतं. पण तिथं रोजचं काम बरंचसं परवानग्या आणि आराखड्यांचं. सिम्युलेशनचं काम जास्त करून सल्लागार कंपन्या आणि संशोधनात, म्हणजे पुणे, मुंबई किंवा त्याहून लांब. डॉक्टरकीसारखी गावात पाटी लागत नाही, हे घरात मोकळेपणानं बोलून घ्या.

तोवर एक करा. रविवारी सकाळी तिला वही देऊन चौकात उभं करा, तुम्हीही थांबा. तासाभरात किती दुचाक्या, किती ऑटो, किती ट्रॅक्टर, कोणत्या रस्त्यानं आले आणि कुठं वळले, सगळं लिहू द्या. अर्ध्या तासात कंटाळली तर तिला गेम आवडतो, एवढंच समजा. पुढच्या रविवारी दुसरा चौक मोजायचा म्हणाली, तर मला परत लिहा.