अप्पांना जहाजावरच बसायचं होतं

"माले नही जानं, ताई. मी जहाजवरच बठसू."

एवढं बोलून अप्पा गप्प झाले. शेजारी माई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. समोर मोबाईलवर बोस्टनहून मुलगा होता. दसरा झाल्यावरची, ऑक्टोबरच्या मध्यातली क्रूझ त्याने ठरवली होती. बोस्टनहून निघून बार हार्बर, सेंट जॉन, हॅलिफॅक्स आणि परत. कॅनडाचा वेगळा व्हिसाही हातात आला होता. प्रत्येक बंदराच्या दिवसासाठी त्याने चार-चार ठिकाणं लिहून पाठवली होती. "एवढा खर्च, एवढी धावपळ, आणि अप्पा म्हणतात उतरणारच नाही," असं त्याचं म्हणणं.

धुळ्यात हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. कधी चारधामचं निमित्त असतं, कधी दुबईचं. मुलं हौसेने नेतात आणि आईवडील म्हणतात, तुम्ही फिरून या, आम्ही खोलीवर बसतो. मुलांना वाटतं यांना किंमत नाही, किंवा पैशांवरून राग आहे. माझा अनुभव असा की पहिल्या 'नको'च्या मागे सहसा दुसरंच काही असतं, आणि ते सगळ्यांसमोर कधीच बाहेर येत नाही. म्हणून मी दोघांशी वेगवेगळी बोलले. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

अप्पांना मोकळं व्हायला दोन बैठका लागल्या. तीन वर्षांपूर्वी नाशिकहून येताना चांदवडच्या पुढे त्यांना लघवीची घाई झाली. त्यांनी दोनदा विनवलं, पण बस थांबली नाही. मालेगाव यायच्या आत पँट भिजली. शेजारच्या सीटवर त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. तेव्हापासून ते प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे त्यांनी माईंनाही सांगितलं नव्हतं.

बंदराच्या आखणीतली पहिली पायरी म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. प्रोस्टेट वाढलेली निघाली, औषध सुरू झालं. बीपीची लघवी वाढवणारी गोळी फिरण्याच्या दिवशी किती वाजता घ्यायची, हेही डॉक्टरांनीच ठरवून दिलं. वयस्कर माणसांनी पाणी तोडणं फार वाईट. चक्कर येते, पडतात, आणि घरच्यांना वाटतं वयच झालं. हे मी मुलालाही सांगितलं, अप्पांनी हो म्हटल्यावर. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटत होतं रुसलेत."

मग पांझरेच्या काठावर आम्ही सराव केला. अप्पा वीस मिनिटं सलग चालू शकत होते, पण एका जागी उभं राहिलं की आठव्या मिनिटाला गुडघा बोलायला लागे. हे महत्त्वाचं निघालं, कारण मुलाच्या यादीत चालणं कमी आणि रांगा जास्त होत्या.

यादी परत मांडली. बार हार्बरला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. टेंडर नावाच्या छोट्या बोटीतून किनाऱ्यावर न्यावं लागतं. त्यासाठी थांबायचं, हलत्या बोटीत पाय टाकायचा, येतानाही तेच. अप्पांच्या दृष्टीने सगळ्यात अवघड बंदर हेच, म्हणून तिथे त्यांनी जहाजावर राहायचं, आणि त्यावर कोणी काही बोलायचं नाही. तेव्हा माई हळूच म्हणाल्या, "मी गेले तर चालेल का?" अकेडिया राष्ट्रीय उद्यानातल्या ४६६ मीटर उंचीच्या कॅडिलॅक डोंगरापर्यंत गाडीने जाता येतं, वरून लाल-केशरी झाडी दिसते, हे नातीने त्यांना दाखवलं होतं. तोवर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. घरातल्या एकाची अडचण दुसऱ्याने मुकाट्याने वाहायची, ही आपल्याकडची रीत मला मनापासून खुपते.

हॅलिफॅक्सला जहाज थेट धक्क्याला लागतं. पाण्याच्या कडेने सपाट लाकडी वाट, बसायला बाकं. शेजारीच पिअर २१, जिथे १९२८ ते १९७१ या काळात सुमारे दहा लाख स्थलांतरित उतरले. आता तिथे त्यांचं संग्रहालय आहे. तिथे फक्त बाप-लेकाने जायचं, असं मुलानेच सुचवलं.

राहिलं सेंट जॉन. ते नाव घेतल्यावर अप्पा खुर्चीत सरसावून बसले. त्यांनी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला होता. फंडीचा उपसागर, जगातली सर्वांत मोठी भरती-ओहोटी, आतल्या टोकाला सोळा मीटरपर्यंत! झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो, तसं तिथल्या पाण्याचं हेलकावणं समुद्राच्या भरतीशी जुळतं, हे त्यांनी मला हातवारे करून समजावलं. शिरपूर तालुक्यातल्या पोरांना ते हेच फळ्यावर काढून दाखवत. "पण पाहिलं कुठे?"

सेंट जॉनला पाणी साधारण आठ मीटर चढतं-उतरतं, भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तास लागतात. म्हणजे धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या कठड्यावरूनच ते दिसणार होतं, बाथरूम हाकेच्या अंतरावर ठेवून. नदीचं पाणी भरतीला उलटं वाहतं ती जागा टॅक्सीने जवळच आहे. भरतीची वेळ पाहून तेवढ्यासाठी उतरायचं आणि परत यायचं. जहाजावर परतायची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते, आणि कॅनडातली ही दोन्ही बंदरं बोस्टनच्या एक तास पुढे. मोबाईल आपोआप वेळ बदलतो, जहाजाचं घड्याळ बदलेलच असं नाही. म्हणून मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवून तेवढंच पाहायचं, हे अप्पांनी स्वतःच वहीत लिहून घेतलं.

ऑक्टोबरमध्ये माझ्या मोबाईलवर दोन फोटो आले, एकाच कठड्यावरून काढलेले. पहिल्यात धक्क्याचा खांब जवळजवळ बुडालेला. दुसऱ्यात तोच खांब उघडा, शेवाळाने हिरवा, आणि वर ओली रेघ. खाली अप्पांनी लिहिलं होतं, "सकाळी ९. दुपारी ३. दोन्ही वेळा मी इथेच उभा होतो. मधे दोनदा खाली उतरून आलो, ताई."