शाळेसाठी ऑनलाइन शैक्षणिक साहित्य घेताना लायसन्स करारात नेमकं काय पाहावं?

तुम्ही लिहिलंय की शाळा एका कंपनीचं डिजिटल साहित्य तीन वर्षांसाठी घेणार आहे, करार अठरा पानी आणि इंग्रजीत आहे, सोमवारी सही आहे आणि कंपनीचा माणूस म्हणतो, 'सगळ्या शाळांनी केलंय, तुम्ही पण करून टाका.' या वाक्यापाशीच मी थांबले. जून २०२० मध्ये आमच्या हेडसरांच्या खोलीत हेच वाक्य मी ऐकलंय.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका अनुदानित मराठी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. तुम्ही निपाणीकडचे, त्यामुळे आपल्या शाळांची अडचण तुम्हाला सांगायला नको. पुस्तकं कर्नाटकाची, माध्यम मराठी. महाराष्ट्र बोर्डाचे व्हिडिओ ढिगाने मिळतात, पण धडे जुळत नाहीत, क्रम जुळत नाही. आपल्या पुस्तकाप्रमाणे असलेलं साहित्य कन्नड नाहीतर इंग्रजीत, ते आमच्या पोरांना निम्मं कळतं. लॉकडाऊन लागला आणि मी स्वतःच धडे रेकॉर्ड करायला बसले.

स्वयंपाकाच्या ओट्यावर स्टीलचे दोन उंच डबे, त्यांवर आडवी लाकडी फूटपट्टी आणि पट्टीला कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेला मोबाइल. खाली पाटावर टॉर्चचे सेल, बल्ब, वायरी आणि शाळेतून सही करून आणलेला ॲमीटर. पहाटे साडेपाचला सुरू करायची, कारण त्या वेळी गल्ली शांत असते. शेजारच्या घरचा कोंबडा मात्र शांत नसायचा. ओहमच्या नियमाच्या धड्यात मी 'आता पोरांनो, काट्याकडे बघा' म्हणते आणि तो आरवतो. तीनदा रेकॉर्ड केलं, तीनदा आरवला, मग तसंच ठेवलं. आठवी ते दहावीचे मिळून ६४ धडे झाले. एकेका धड्याचं टाचण मी आधी वहीत पूर्ण लिहून काढायची, मग बोलायची.

त्याच जूनमध्ये संस्थेने एक ॲप घेतलं. शिक्षकांनी आपलं साहित्य त्यावरच चढवायचं असं ठरलं. मी कराराचे कागद मागितले. हेडसर म्हणाले, 'बाई, ती फॉर्मॅलिटी असते ओ. काय होत नाही.' मी म्हटलं, एकदा वाचून तरी बघूया की. 'तुम्ही विज्ञानाच्या, हे वकिलाचं काम.' वकिलाला कुणी दाखवलं नाही. सेक्रेटरींनी सही केली.

दोन वर्षांनी फी वाढली, संस्थेला झेपेना, करार पुढे चालू ठेवला नाही. एक दिवस लॉगिन बंद. माझे ६४ धडे आत. मोबाइल भरायचा म्हणून मी चढवलेल्या फाइली पुसत आले होते, माझ्याकडे २३ उरल्या. बाकीचे परत द्या म्हणून तीन मेल केले, उत्तर नाही.

पुढच्या दिवाळीत भाची आली होती, दहावीत होती, दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत. मोबाइल पुढे करून म्हणाली, 'मावशी, हा तुझा आवाज न्हवं?' पडद्यावर आधी कंपनीचं बोधचिन्ह फिरलं. मग माझा हात, माझ्या हिरव्या बांगड्या, तो पाट. 'काट्याकडे बघा', आणि कोंबडा. खाली कंपनीचं नाव. माझं कुठेच नाही.

त्या रात्री पहिल्यांदा तो करार डिक्शनरी घेऊन वाचला. अकराव्या पानावर होतं सगळं. वापरकर्त्याने चढवलेल्या मजकुरावर कंपनीला 'परपेच्युअल, इर्रिव्होकेबल, रॉयल्टी-फ्री, सबलायसन्सेबल' परवाना. म्हणजे कायमचा, मागे न घेता येणारा, फुकटचा आणि पुढे तिसऱ्याला देता येणारा. चार शब्द. सही करायच्या आधी कुणीतरी मोठ्याने वाचले असते तर मी एकही धडा चढवला नसता.

म्हणून तुम्हीही सगळ्यात आधी हेच पान शोधा. 'युजर कंटेंट', 'सबमिशन्स', 'कॉन्ट्रिब्युशन्स' अशा कुठल्या तरी नावाखाली असतं. तिथे लिहून घ्या की शिक्षकाने केलेलं साहित्य फक्त तुमच्या शाळेच्या वापरापुरतं, कराराच्या मुदतीपुरतं आणि शिक्षकाच्या नावासह दाखवलं जाईल. मुदत लिहायलाच लावा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे परवान्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. पण 'कायमचा' असं लिहून तुम्ही सही केलीत की त्या पाच वर्षांचा आधारही जातो. करार संपल्यावर सगळ्या फाइली साध्या एमपी४ आणि एक्सेलमध्ये किती दिवसांत परत मिळतील, तेही लिहून घ्या. तोंडी आश्वासनाचा उपयोग नाही.

बाकीचं भराभर सांगते. परवाना मुलांच्या संख्येवर आहे, मोबाइलच्या संख्येवर आहे की पूर्ण शाळेला आहे, ते बघा. आपल्याकडे एका मोबाइलवर तीन भावंडं शिकतात. मुदत संपली की करार आपोआप वाढतो का आणि वाढीव फी कोण ठरवतं, ते बघा. 'ऑफलाइन चालतं' म्हणतात त्याचा अर्थ विचारा. आमच्याकडच्या ॲपला दर पंधरा दिवसांनी नेट लावून पुन्हा लॉगिन करावं लागायचं, आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या पोरांना पावसाळ्यात रेंज कुठली? तंटा झाला तर कुठल्या गावच्या कोर्टात, तेही असतं. बेंगळुरू असेल तर पाचशे किलोमीटर जायची तयारी आहे का, ते संस्थेला विचारा. मुलांची माहिती कुणाला देणार, हे तर नक्कीच वाचा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक मूल बालकच आहे. आणि कागदावर सही नाही, नुसती 'आय ॲग्री'वर टिचकी मारली म्हणून सुटलो असं समजू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने केलेला करारही करारच असतो.

फुकट साहित्याबद्दल आपल्या शिक्षकांचा मोठा घोटाळा आहे, तो एवढाच की फुकट आणि खुलं एकच वाटतं. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे लेखकाने आपलं साहित्य ठरावीक अटींवर सगळ्यांना वापरू द्यायचे तयार परवाने. त्यांत दोन अक्षरं बघायची, 'एनडी'. ती असतील तर बदल करून पुढे वाटता येत नाही, आणि भाषांतर हाही बदलच. आपण सीमाभागातले शिक्षक दिवसभर दुसऱ्या भाषेतलं मराठीत आणतो, त्यामुळे ही दोन अक्षरं आपल्यालाच जास्त नडतात. वर्गात शिकवण्यापुरतं वापरायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ची सवलत आहे. दिल्ली हायकोर्टाने २०१६ मध्ये विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या खटल्यात ती चांगली मोकळी करून सांगितली. पण ते शिकवण्यापुरतं. तेच उचलून आपल्या यूट्यूब चॅनेलवर टाकायला नाही.

आता हेडसरांचं म्हणणं. भाचीच्या मोबाइलवरचं त्यांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, 'नोकरीत असताना केलंय ना बाई, मग ते शाळेचंच. तुमचं काय त्यात?' यावर आम्ही वर्षभर बोललो नाही. मी तेव्हा उत्तर देऊ शकले नाही, कारण कॉपीराइट कायद्याचं कलम १७ खरंच तसं म्हणतं. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, नोकरी देणारा. माझ्या घरी, माझ्या मोबाइलवर, पहाटे साडेपाचला केलेलं काम नोकरीचा भाग होतं का, यावर मी अजून भांडेन. पण समजा, होतं. तरी कलम ५७ आहे. कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी हे माझं आहे असं सांगायचा लेखकाचा हक्क जात नाही. माझी टाचणांची वही माझ्या अक्षरात आहे. आणि याच कायद्यात सादर करणाऱ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात नट, गायक, नर्तक, जादूगार, गारुडी यांच्याच रांगेत व्याख्यान देणारी व्यक्तीही आहे. तिचं नाव सांगितलं जावं, हा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने ३८-बी मध्ये आलाय. हेडसर, तुम्ही निवृत्त झालात, कुणी हे दाखवलं तर वाचा. धडे शाळेचे असतीलही. नाव माझं होतं, आणि ते सहीच्या आधी मागायला हवं होतं तुम्ही.

ही कलमं घालून मी कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही, पण दोन महिन्यांनी तो धडा तिथून गेला. बाकीचे आहेत की नाहीत, मला बघता येत नाही. उरलेले ४१ मी पुन्हा करतेय, आत्तापर्यंत २६ झाले. सगळ्यांवर माझं नाव आणि 'बीवाय-एसए' परवाना आहे. वापरा, बदला, माझं नाव राहू द्या आणि तुमचंही असंच खुलं करा.

मी वकील नाही. रक्कम मोठी असेल तर बेळगावात एखाद्या वकिलाला कागद दाखवाच, आणि शिक्षकांच्या नेमणुकीच्या पत्रात साहित्याच्या मालकीबद्दल काही लिहिलंय का तेही त्यांना विचारा. ॲप वाईटच असतात असंही माझं म्हणणं नाही. त्या ॲपमधल्या प्रश्नमंजुषा पोरांना फार आवडायच्या. पैसे द्यायच्या आधी दीक्षा या सरकारी पोर्टलवर तुमच्या इयत्तांचं काय आहे ते बघून घ्या, आणि विज्ञानाला फेट या संकेतस्थळाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मराठीत आहेत, तीही बघा.

सही सोमवारी आहे ना? रविवारी दुपारी तिघं शिक्षक बसा. एकाने इंग्रजी वाक्य वाचायचं, दुसऱ्याने मराठीत सांगायचं, तिसऱ्याने लिहून घ्यायचं. नवीन करार आला तेव्हा आम्ही असंच केलं. अठरा पानांना चार तास पुरतात.