स्टीअरिंगवरील पट्टी बदलताना किल्ली केव्हा फिरवू नये

आपण लिहिले आहे की स्टीअरिंगच्या आऱ्यांवरील चंदेरी पट्टीचा रंग अंगठ्याखाली उडाला आहे, नवी पट्टी मागवून झाली आहे, रविवारी एअरबॅग काढून ती बसवणार आहात आणि "एअरबॅग परत लावण्याआधी हॉर्न व बटणे चालतात का, ते एकदा पाहून घेईन". पहिल्या तीन गोष्टींना माझी हरकत नाही. चौथी मात्र कृपया करू नका. हेच वाक्य काही वर्षांपूर्वी मी स्वतःशी म्हटले होते आणि त्यापायी पाच आठवडे हेलपाटे घातले, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधीच सांगतो की मी मेकॅनिक नाही. स्वतःची गाडी स्वतः उघडण्याची खोड असलेला माणूस आहे, एवढेच. माझे म्हणणे आणि आपल्या गाडीची दुरुस्ती-पुस्तिका यांत फरक पडला, तर पुस्तिकेचे ऐकावे.

माझ्या गाडीच्या पट्टीचा रंग जाण्याचे कारण मला नेमके ठाऊक आहे. २०२० साली प्रत्येक फेरीनंतर स्टीअरिंगला सॅनिटायझर चोळण्याची सवय लागली आणि त्यातील अल्कोहोलने तो चंदेरी थर हळूहळू सोडवला. पुढे उन्हाळ्यात घामेजलेल्या अंगठ्याला चिकटून त्याचे बारीक कपचे निघू लागले आणि सदऱ्याच्या बाहीवर चमकू लागले. नवी पट्टी पुण्यात नाना पेठेतील एका दुकानात मिळाली. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडणे, प्लास्टिकच्या पट्टीनेच खाचा उचकणे, चाक सरळ ठेवणे, हे सारे आपण वाचलेच असेल, त्यामुळे त्यात शिरत नाही. तार सोडल्यावर थांबायचे असते ते मात्र खरोखरच थांबा. बॅटरी सुटली तरी एअरबॅगच्या नियंत्रक पेटीतील कपॅसिटरमध्ये काही काळ बॅग फोडण्यापुरती वीज शिल्लक असते. किती वेळ, ते पुस्तिकेत दिलेले असते. मी दहा मिनिटे थांबतो आणि तेवढ्यात चहा होतो.

एअरबॅग मी व्यवस्थित काढली. चाकामागच्या छिद्रांतून स्क्रूड्रायव्हर घालून तारेच्या स्प्रिंगा दाबल्या, पिवळे कनेक्टर सोडले आणि बॅग झाकणाची बाजू वर करून मागच्या सीटवर ठेवली. पट्टीचे चार स्क्रू निघाले, नवी पट्टी बसली. नेमकी त्याच वेळी शंका आली की बटणांची तार नीट लागली आहे ना? सगळे बंद करून पुन्हा उघडण्यापेक्षा आत्ताच पाहावे, या हिशेबाने मी बॅटरी जोडली आणि किल्ली फिरवली. बटणे उत्तम चालत होती. डॅशबोर्डवर मात्र एक तांबडी खूण पेटली होती: बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे चेंडूसारखा गोल. एरवी ती किल्ली फिरवल्यावर काही सेकंद दिसून विझते. त्या दिवशी ती विझली नाही आणि बॅग परत लावल्यावरही तशीच राहिली.

यामागचे कारण साधे आहे. प्रत्येक वेळी किल्ली फिरवली की नियंत्रक पेटी एअरबॅगच्या तारेतून अगदी क्षीण प्रवाह सोडून रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजते. पलीकडे बॅगच नसेल, तर तार तुटली आहे असे समजून ती दोषाची नोंद करते. पुष्कळ गाड्यांत ही नोंद जोडणी पूर्ववत झाल्यानंतरही आपोआप पुसली जात नाही, ती स्कॅनर, म्हणजे गाडीतील दोषांच्या नोंदी वाचणारे व पुसणारे यंत्र, लावूनच पुसावी लागते. तोवर त्या बॅगेवर भरवसा ठेवता येत नाही, आणि ही गोष्ट दिवा जळत राहण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

आता सर्व्हिस सेंटरची हकीकत. नाव सांगत नाही, त्याने कोणाचे भले होणार नाही. काउंटरवरील गृहस्थांनी गाडीकडे पाहण्यापूर्वीच विचारले, "बाहेर उघडली होती का?" मी खरे सांगितले, ही माझी दुसरी चूक म्हणावी काय, असे त्यानंतर अनेकदा मनात आले. त्या क्षणापासून मी ग्राहक न राहता आरोपी झालो. एअरबॅगचा संपूर्ण संच बदलावा लागेल, असे सांगून त्यांनी २८,००० रुपयांचा अंदाज हाती दिला. कोणता दोष नोंदला गेला आहे, त्याचा क्रमांक कागदावर द्या, एवढेच मी चार खेपांमध्ये मागत राहिलो. कधी "सिस्टिम बंद आहे", कधी "साहेब आले की बघू". मधल्या काळात मी ९०० रुपयांचे एक स्वस्त कोड-वाचक यंत्रही घेतले. ते इंजिनाचे दोष वाचत असे, एअरबॅगचे नाही, तेव्हा तो खर्चही वाया गेला. अखेर घराजवळच्या एका मोटार इलेक्ट्रिशियनने आपला मोठा स्कॅनर लावला, दोष जुना आहे आणि जोडणी आता शाबूत आहे हे मला पडद्यावर दाखवले आणि नोंद पुसली. ८०० रुपये, दहा मिनिटे.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की कोणीही दोषाचा क्रमांक लेखी दिल्याशिवाय एअरबॅग बदलण्यास होकार देऊ नये. याचा अर्थ दिवा पेटला की तो पुसून मोकळे व्हावे असा मात्र नव्हे. पुसल्यावर तो पुन्हा पेटला, तर दोष खरा आहे. हॉर्न आणि बटणेही बंद पडली असतील, तर चाकामागची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे गुंडाळलेली चपटी तार, तुटलेली असण्याचा संभव मोठा. त्या वेळी घरी खटपट करू नये. मल्टिमीटरची (वीज व रोध मोजण्याच्या उपकरणाची) टोके थेट बॅगेच्या कनेक्टरला लावून रोध मोजण्याचा मोह तर कधीच होऊ देऊ नये, कारण तेवढा प्रवाहदेखील बॅग उडवू शकतो. जुन्या बाजारातील एअरबॅग स्वस्त मिळते, तिच्या वाटेला जाऊ नये.

खरे तर रंग दोन-चार ठिकाणीच उडाला असेल, तर पट्टी न काढता तिच्यावर व्हिनाइल, म्हणजे चिकटणारा पातळ प्लास्टिकचा थर, चढवून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे अलीकडच्या गाडीत बॅगेला हात न लावता ही पट्टी निघेलच असे नाही. व्हिनाइल फक्त आऱ्यांवर लावा. मधल्या झाकणावर स्टिकर, खड्यांचे बोधचिन्ह किंवा देवाची छोटी मूर्ती, काहीही चिकटवू नका. ते झाकण फाटूनच बॅग बाहेर येते आणि त्यावरची वस्तू थेट चेहऱ्यावर येते.

तरीही रविवारी हे काम करायचेच ठरले असेल, तर आरंभ करण्याआधी एकदा किल्ली फिरवून ती तांबडी खूण विझते आहे ना, हे पाहून ठेवा, म्हणजे पुढे वाद झाला तर आधीची स्थिती आपल्याला माहीत असेल. बटणांची तार बॅटरी सुटलेली असतानाच हलके ओढून तपासा, तेवढे पुरते. मग पिवळे कनेक्टर कट् आवाज येईपर्यंत दाबा, बॅग तिन्ही बाजूंनी घट्ट बसवा आणि त्यानंतरच बॅटरी जोडा. किल्ली फिरवताना चाकासमोर बसू नका, दाराबाहेर उभे राहून हात आत घाला. खूण विझू द्या. हॉर्न वाजवायचा तो त्यानंतर.